बाहेरची कडी

"बोट खाली घे गो! आधी खाली घे ते!"

मामंजी एवढ्या जोरात ओरडले की माझ्या डोक्यावरचा पातेऱ्याचा भारा सुटला आणि वाळकी पानं सगळ्या उतारावर पसरली. लग्न होऊन या घरात येऊन मला अडीच महिने झाले होते. एवढ्या दिवसांत या माणसाचा आवाज चढलेला मी एकदाही ऐकला नव्हता. आणि मी विचारलं तरी काय होतं? समोरच्या बेहड्याच्या खोडाला कुणी माती लिंपलीय का, एवढंच.

"नुसतं विचारलं," मी म्हटलं. "बोट दाखवल्यानं झाड मोडतंय व्हय?"

"मोडतं," ते म्हणाले. "ह्या वाटेला परत यायचं नाय. पातेरा खालच्या अंगाला पण हाय."

मी पानं गोळा केली आणि तणतणत घरी आले.

मी घाटावरची, खटाव तालुक्यातली. आमच्याकडं नजर पोचेल तिथवर उघडं रान. माणूस कोसावरून येताना दिसतो. माझे वडील कुंभार्ली घाटाच्या रस्त्यावर मुकादम होते, मामंजी तिथंच कामाला होते, त्या ओळखीतून सोयरीक जुळली आणि मी संगमेश्वराच्या बाजूला या भुवडांच्या घरात येऊन पडले. नवरा चिपळूणला गाड्या दुरुस्त करायचा, शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाकी दिवस घरात आम्ही तिघं. मामंजी भागोजी भुवड, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी शेवंता. चहूबाजूंनी झाडी. कुठं काय चाललंय ते दिसायचं नाही, नुसते आवाज यायचे. मला त्या झाडीची धास्ती वाटायची, हे कबूल करते. पण तोंडानं मी तेव्हाही फटकळ होते, आजही आहे, त्यामुळं कुणाला कळलं नाही.

त्या संध्याकाळी आत्याबाई मामंजींच्या गुडघ्यांना तेल चोळत होत्या. घाटातल्या दगडांनी त्यांचे गुडघे पार गेले होते. बसले की उठताना खांब धरायला लागायचा.

"आत्याबाई," मी भाकरी थापता थापता विचारलं, "त्या बेहड्यात काय आहे हो?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी मामंजींकडं पाहिलं. मामंजी बाहेर बघत होते.

"काय नाय," आत्याबाई म्हणाल्या. "त्याचं नाव काढू नको. वैशाख सरेपर्यंत तकडं बघू पण नको. आमच्यात रीतच हाय तशी."

"कसली रीत?"

"सांगायची नसते, ती रीत." मग विषय बदलायचा म्हणून त्या गुडघ्याकडं वळल्या. "ह्या तेलानं काय व्हतंय? पूर्वी माणसं ककणेरीचं तेल लावायची. एका उन्हाळ्यात चालायला लागायची."

"गप ऱ्हा!" मामंजी म्हणाले. दिवसात दुसऱ्यांदा आवाज चढला.

"ककणेर म्हणजे काय?" मी विचारलं.

"पाखरू," ते म्हणाले. खांब धरून उठले आणि अंगणात गेले.

आता मला सांगा, तिकडं बघू नको म्हटल्यावर कोण बघणार नाही? आणि मी तर मीच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला जाते म्हणून निघाले, हंडा झऱ्यावर ठेवला आणि वरच्या मळीवर, उतारावरच्या पायरीसारख्या शेतात, चढले. बेहडा मळीच्या दरडीखालून उगवलेला, जुना, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा. पण उतारावर असल्यानं त्याचं खोड मळीला टेकल्यासारखं वर आलेलं. तिथं काठावर बसलं की खोडाची ढोली बरोबर डोळ्यांसमोर यायची, चार-पाच हातांवर.

ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं. चूल लिंपतो तसं, चांगलं जाड, घट्ट. मधे फक्त एक फट ठेवलेली, उभी, दोन बोटं रुंद. हे काही वाऱ्यापावसाचं काम नव्हतं. कुणीतरी मन लावून केलेलं होतं. मी जन्मभर भिंती लिंपल्यात, मला हात ओळखता येतो.

फटीत काहीतरी हललं. आधी पिवळसर चोचीचं टोक बाहेर आलं. मग ते आत गेलं आणि तिथं एक डोळा आला. भोवती पांढरी कातडी, मधे काळाभोर डोळा. तो माझ्याकडं बघत होता.

मी मागं सरकून करवंदीच्या जाळीआड बसले.  तेवढ्यात वरून आवाज आला. सूप जोरजोरात पाखडावं तसा, पण आभाळभर. असा आवाज एखाद्या पाखराच्या पंखांचा असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी वर बघितलं आणि तोंड उघडंच राहिलं. काळंपांढरं धूड झाडावर उतरलं. केवढं! चोच माझ्या कोपरापासून मनगटाएवढी, वर आणखी एक चोच बसवल्यासारखं शिंग, डोळा लालबुंद. आमच्या रानात घारीपेक्षा मोठं पाखरू मी बघितलं नव्हतं. हे जणू दुसऱ्याच कुठल्या काळातून आलं होतं. मी हात जोडले, कसे जोडले ते माहीत नाही.

ते ढोलीला नखं रुतवून उभं लटकलं. मान मागं टाकली, गळ्यातून एक उंबर वर आणलं, चोचीच्या टोकात धरलं, मोत्यासारखं अलगद, आणि फटीत दिलं. आतल्या चोचीनं ते घेतलं. मग दुसरं. मग तिसरं. एवढी मोठी चोच आणि एक दाणा खाली पडला नाही. मी मोजत होते. सव्वीस झाली.

आणि मग मला आक्काची बोटं दिसली.

हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. माझी थोरली बहीण शेजारच्या गावात दिली होती. वर्षाच्या आत तिच्या सासरचे म्हणायला लागले, हिला बाहेरचं झालंय, ही रात्रंदिवस बडबडते. धान्याच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. मी बारा वर्षांची होते. आईनं भाकरी देऊन धाडलं. सासू म्हणाली, दाराकडं जायचं नाही, मागच्या झरोक्यातून दे. झरोका वीतभराचा. मी भाकरी धरली आणि आतून तीन बोटं आली. नखं वाढलेली. भाकरी आत गेली. "आक्का, उघडू का गं?" मी विचारलं. पुढं जाऊन कडी काढायला मला कितीसा वेळ लागला असता? ती म्हणाली, "नको. मारतील तुला. तू जा. घरी काय सांगू नको." मी गेले. घरी म्हटलं, बरी आहे. चार महिन्यांनी ती गेली. कशानं, ते कुणी धड सांगितलं नाही.

त्या करवंदीच्या आड बसून मी त्या नराकडं बघत होते आणि मला वाटत होतं, बाबा रे, तू पण माझ्यासारखाच. भाकरी आणतोस, भिंत काही फुटत नाही.

मग डोकं चालायला लागलं. लिंपलं कुणी? माणसानंच. कोण येतं इथं? मामंजी. पुढचे आठ-दहा दिवस मी डोळा ठेवला. रोज सकाळी ते काठी टेकत त्या बाजूला जायचे, लांबूनच थांबायचे, बेहड्याकडं टक लावून बघायचे आणि गुपचूप परत यायचे. कुणी सणाला कापायचं कोंबडं किती भरलं ते बघायला जातं तसे. आणि ते ककणेरीचं तेल, आणि ते गुडघे. वैशाख सरेपर्यंत बोलायचं नाही म्हणे! वैशाख सरला की काय करणार, ते मला सांगायला कोण पाहिजे होतं?

शनिवारी नवरा आला तेव्हा विचारलं.

"त्या बेहड्यात पाखरू कोंडलंय ना?"

तो हसला. "तू बघितलंस होय? बाबांना कळू देऊ नको. पुढं सांगतील ते."

"तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही हसताय?"

"अगो, तुला कळेल," म्हणाला आणि अंघोळीला गेला. मला त्याचाही राग आला. सगळं घर एक झालंय, असं वाटलं.

मंगळवारी मामंजी देवरुखच्या बाजाराला गेले. आत्याबाई अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. मी पडवीतून झेला उचलला. झेला म्हणजे आंबे उतरवायची लांब काठी, टोकाला जाळी आणि देठ कापायला पातं.

"आंबे अजून कच्चे हायत गो," आत्याबाई म्हणाल्या.

"लोणच्याला चार काढते," मी म्हटलं.

चालताना आतून इतकं बरं वाटत होतं! बारा वर्षांची मी जिथून परत फिरले होते, तिथं मी परत चालले होते. या वेळी कडी काढणार होते.

मळीच्या काठावर गुडघे टेकले आणि पातं फटीत घातलं. माती मातीसारखी नव्हतीच, विटेसारखी कडक. आतून चोच आली आणि पात्यावर आदळली. खण्ण झालं. मी म्हटलं, "होय गं बाई, होय. तू तिकडनं मार, मी हिकडनं मारते." मी खुपसायची, ती चोच आपटायची. मला वाटलं आम्ही दोघी मिळून भिंत फोडतोय. खरं सांगते, मला रडू यायला लागलं होतं आनंदानं. एकदा तिनं पातं चोचीत घट्ट धरलं, मी हिसडा देऊन ओढलं. त्यानंतर चोच आली नाही. ढेकूळ निघालं, मग दुसरं, मग सगळं तोंड एकदम ढासळलं.

"ये," मी म्हटलं. "ये बाहेर. कुणी नाही."

ती आली नाही. आत अंधारात मागं मागं सरकत होती. भ्यायलीय, किती दिवस कोंडलेली, तिला उजेडाची सवय नाही, असं मला वाटलं. मी काठीचं टोक आत घातलं आणि हळूच ढोसलं. तशी ती उसळून बाहेर पडली.

"उड!" मी ओरडले. "उड आक्का, उड!"

ती दगडासारखी खाली गेली. उतारावर आपटली, उलटीपालटी झाली आणि उभी राहून तिनं पंख पसरले, तेव्हा मला दिसलं. पंखांना पिसंच नव्हती. लांब पिसांच्या जागी नुसती खुंटं होती, बोटाएवढी. पोट उघडं, लालसर. गळ्याखाली कापलेलं होतं आणि तिथून रक्त येत होतं. ती पंख मारत होती आणि जागच्या जागी फिरत होती.

आणि माझ्यासमोर, फोडलेल्या ढोलीतून, चिरक्या बारीक आवाजात कुणीतरी ओरडायला लागलं. एक नाही, दोन आवाज.

तेवढ्यात आभाळातून ते सूप पाखडल्यासारखं आलं. नर आला. तो झाडावर उतरलाच नाही. माझ्या डोक्यावरून एक फेरी मारली, त्याच्या पंखांचा वारा माझ्या तोंडावर आला. दुसरी फेरी मारली. मग त्यानं असा काही आवाज काढला की मी कान झाकून जमिनीला चिकटले. त्याच्या गळ्यातली उंबरं माझ्या पाठीवर टपाटपा पडली.

मी तिच्यामागं उतारावर धावले. ती खुरडत करवंदीच्या जाळीत शिरली. मी हात घातला तर वळली आणि चोच उघडून समोर उभी राहिली. तिला पळायचं नव्हतं. तिला वर ढोलीकडं जायचं होतं आणि वाटेत मी होते. ते मला तेव्हा कळलं. मी तिथंच मटकन बसले आणि "आत्याबाई!" म्हणून हंबरडा फोडला.

आत्याबाई आल्या, त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा झेल्याकडं, आणि पदर तोंडात कोंबला. 

मामंजी दुपारी आले. मी अंगणातच उभी होते, सांगायला. "मी फोडली," म्हटलं. "तुम्ही तिला कोंडली होती. तेलासाठी. म्हणून फोडली." बाजाराची पिशवी त्यांच्या हातातून खाली गेली. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते बेहड्याकडं चालायला लागले, आणि मी मागून. खाली पडलेलं मातीचं एक ढेकूळ त्यांनी उचललं, पालथं केलं आणि माझ्या हातात दिलं.

"बघ," ते म्हणाले. "हे वळ कसले हायत?"

एका बाजूला सगळीकडं चपटे, एकाशेजारी एक वळ होते. बोटांचे नव्हते.

"चोचीचे," मी म्हटलं.

"कुठल्या अंगाला हायत? आतल्या का भायल्या?"

मी ढेकूळ फिरवून बघितलं. बाहेरची बाजू खडबडीत होती. वळ आतल्या बाजूला होते.

"तिनंच लिंपलान सगळं," मामंजी म्हणाले. "आत बसून. स्वतःच्या विष्ठेनं नि मातीनं. फाल्गुनात आत शिरते, तोंड बंद करते, अंडी घालते. अंगावरची पिसं गळतात. तीन महिने उडता येत नाय तिला. सगळा भार त्या नरावर. पोरं पिसांत आली नि हिची पिसं परत आली की तीच आतून फोडते. तिला कुणी कोंडत नाय गो. तिची कडी आतनं असते."

मी ते ढेकूळ हातात धरून उभी राहिले. आक्काच्या दाराची कडी बाहेर होती. मी दोन्ही वेळा कडी कुठल्या बाजूला आहे, हे बघायचं सोडून वागले होते. जिथं काढायची तिथं काढली नाही, आणि जिथं नव्हती तिथं काढली.

त्या दिवशी त्या गुडघ्यांनी मामंजी शिडीवर दोनदा चढले. करवंदीत हात घालून त्यांनी तिला धरलं, तिनं त्यांचं मनगट फोडलं तरी सोडली नाही. डोक्याचा पंचा सोडून तिला त्यात गुंडाळली आणि ढोलीत ठेवली. मी खाली चिकणमाती आणि शेण कालवत होते. ते मागतील तसे गोळे वर देत होते. बोटांनी लिंपून त्यांनी ढोलीचं तोंड बंद केलं आणि तेवढीच फट ठेवली, दोन बोटांची. खाली उतरल्यावर खोडाला कान लावून उभे राहिले.

"काय ऐकू येतंय?" मी विचारलं.

"पोरं हायत," ते म्हणाले. "ती हलत नाय."

दुसऱ्या दिवशी नर लांबच्या ऐनाच्या झाडावर बसून होता. दिवसभर. जवळ आला नाही. माणसाच्या हाताचा वास होता की काय, देव जाणे. मी मळीच्या मागं जाळीत बसून त्याची विनवणी करत होते, ये रे, ये बाबा, पोरं तरी. संध्याकाळी मामंजींनी पुन्हा कान लावला आणि एक बोट वर केलं. एकच आवाज उरला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कान लावला, बराच वेळ लावला, आणि मग डोक्याला पंचा गुंडाळत माझ्या शेजारी येऊन बसले.

आणि तेव्हा तो आला.

ढोलीला नखं रुतवून लटकला. मान मागं टाकून एक उंबर वर आणलं आणि फटीशी धरलं. थांबला. मान तिरकी करून आत बघितलं. पुन्हा धरलं. मग उंबर फटीत सोडलं. दुसरं आणलं. तेही धरून थांबला. आम्ही दोघं बघत होतो. असं एकेक करून त्यानं एकतीस फळं दिली. फट भरून गेली तेव्हा ती खाली पडायला लागली. प्रत्येक फळासाठी तो तेवढाच वेळ थांबत होता, आतून कुणी घेईल म्हणून.

तो अकरा दिवस आला. दिवसातून पाच वेळा, सहा वेळा. मी एकही फेरी चुकवली नाही. आत्याबाईंनी मला घरचं कुठलंच काम सांगितलं नाही. शनिवारी नवरा आला, त्याला आत्याबाईंनी सांगितलं असावं, तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मी हसायला नको होतं." झाडाखाली उंबरांचा, पिंपळाच्या फळांचा सडा पडला होता. आत कुणी नाही, हे त्याला कळत नसेल? त्याचं मी काय सांगू? मला एवढं माहीत आहे की देवळात मी एवढी मान कधी खाली घातली नाही. माझ्यासारख्या माणसानं त्याचं सगळं मोडून टाकलं होतं आणि तो आपलं काम करत होता. रोज मला वाटायचं आज येऊ नये, आणि पंखांचा आवाज आला की अंगावर काटा यायचा.

चौथ्या की पाचव्या दिवशी मामंजी आपणहून बोलले.

"माझा धाकटा भाऊ होता. त्यानं पाहुण्यांना हे झाड बोटानं दाखवलान. वाईट बुद्धीनं नाय, कौतुकानं. दुसऱ्या दिवशी ते पाहुणे कुऱ्हाड घेवन आले. तेलासाठी. त्यानंतर वीस वर्सं ह्या झाडावर कुणी बसलं नाय. सहा वर्सांमागं हे जोडपं आलं. तवापासून मी बोलायचंच सोडलं. म्हटलं, कुणाला कळलंच नाय तर कोण हात लावील?" ते माझ्याकडं वळले. "तुला पहिल्या दिवशी शेजारी बसवून दाखवलं असतं तर? निम्मी चूक माझी हाय, शेवंता."

त्यांनी मला नावानं हाक मारली ती तेव्हा पहिल्यांदा. आणि मग मी त्यांना आक्काचं सांगितलं. धान्याची खोली, झरोका, तीन बोटं, घरी जाऊन बरी आहे म्हटले ते, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. मी हुंदके देत होते आणि समोर तो नर फटीशी फळ धरून थांबला होता.

मामंजी "तुझा काय दोष, तू लहान होतीस," असलं काही म्हणाले नाहीत, त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. माझं सगळं सांगून होईपर्यंत ते बसून राहिले.

बाराव्या दिवशी नर आला नाही. आम्ही सूर्य कलेपर्यंत वाट बघितली. मग मामंजी काठी टेकत उठले आणि घरी जाऊन त्यांनी पेटीतून हातोडी आणि पक्कड काढली. मला वाटलं झेल्याचं पातं काढून टाकणार. ते माजघराच्या दाराशी गेले आणि बाहेरची कडी उपटायला लागले. मग आमच्या खोलीच्या दाराची. मग कोठीची. जुन्या लोखंडी कड्या, निघता निघेनात. आत्याबाई म्हणाल्या, "अवो, कोठीला तरी ठेवा, मांजर जातं."

"जाऊ दे मांजर," ते म्हणाले. "आतल्या कड्या ठेवल्यात. ह्या घरात दार लावायचं ते आतल्या माणसानं."

त्याला आता एकोणचाळीस वर्षं झाली. मामंजी गेले, आत्याबाई गेल्या. घराला रंग तीनदा लागला, पण चौकटींवरची खिळ्यांची भोकं मी बुजवू दिली नाहीत. बेहडा उभा आहे. सात वर्षं ती ढोली रिकामी होती, आठव्या फाल्गुनात कुठल्यातरी जोडप्यानं ती धरली, आणि तेव्हापासून बहुतेक उन्हाळ्यांत तिथं कुणी ना कुणी बसतं. वाडीतल्या प्रत्येक पोराला मी तिथं नेऊन बसवलंय. बोट दाखवूनच सांगते.

यंदा माघात माझ्या मुलाचं लग्न झालं. सून कोल्हापूरकडची आहे, माझ्यासारखीच फटकळ. परवा सकाळी ती केर काढता काढता आमच्या खोलीच्या दाराशी थांबली आणि चौकटीवरून बोट फिरवायला लागली.

"आई, या घरात एकाही दाराला बाहेरून कडी कशी नाही हो?"

बाहेर फाल्गुनातलं ऊन पडलं होतं. सकाळपासून दोनदा तो पंखांचा आवाज घरावरून गेला होता.

"केरसुणी ठेव," मी म्हटलं. "चल, तुला दाखवते."